दिवे घालवले म्हणून

मामासा या आमच्या डोंगराळ मुलखात जवळपास प्रत्येक ओढ्यावर वीज करणारी पाणचक्की आहे, आणि ती सांभाळणारा माणूस म्हणजे गावाचं हक्काचं शिव्या घालायचं ठिकाण. दिवा मिणमिणला की दोष त्याचा, बल्ब उडाला तरी त्याचाच. आमच्या गावात हा मान तासिकचा. सगळे त्याला अंबे रान्ते म्हणायचे, म्हणजे रान्तेचा बाप.

त्या आठवड्यात त्याचा जीव टांगणीला लागला होता. बायको, इंदो रान्ते म्हणजे रान्तेची आई, न्यूमोनियाने पडलेली. दवाखान्याने दिलेल्या ऑक्सिजनच्या मशीनवर तिचा श्वास चाललेला. दरड कोसळून रस्ता बंद. त्यात जास्तीची वीज जिरवणारी पेटी बिघडून शहरात गेलेली, त्यामुळे सगळं हातावर आलं होतं. गावात दिवे वाढले की पाणी सोडायचं, कमी झाले की झडप आवळायची. भार सुटला तर चक्की उधळते, व्होल्टेज चढतं आणि तारेवर असेल ते जळतं. तासिक चक्कीपाशीच जेवायचा, डुलकीही तिथेच काढायचा.

शनिवारी संध्याकाळी चक्कीचा वेग दाखवणारा काटा नेहमीच्या पन्नासवरून हलला. एक्कावन्न. त्याने झडप आवळली. बावन्न. दारातून वर बघितलं, तर गावातले दिवे भराभर विझत होते.

"अरे, काय करताय हे!" तो ओरडला. ओढ्याच्या आवाजात ऐकणार कोण?

झालं होतं असं, की प्रार्थना संपल्यावर चर्चचे वडीलधारे माथियस माईकवरून म्हणाले, "इंदो रान्तेला वीज पुरायला हवी. सगळ्यांनी दिवे घालवा." आमच्याकडे कुणाच्या घरी दुखणं आलं की आपल्या वाट्याचं त्याला द्यायचं, मग तांदूळ असो की डुक्कर. लोकांनी विजेलाही तोच नियम लावला. भली माणसं, पण त्या भलेपणाचा मला अजून राग येतो.

झडप फिरवायला वेळ लागतो, चक्कीला उधळायला लागत नाही. मशीन जळलं तर दुसरं आणणार कुठून? मेन स्विच ओढला तर मशीन वाचेल, पण तिचा श्वास? त्याने स्विच ओढला, पाणी पुरतं बंद केलं आणि चढाने धावत सुटला.

घराच्या दारात त्याची मुलगी रान्ते किंचाळली, "अंबे, वीज गेली! इंदोचा श्वास अडकतोय!"

"मीच घालवली," म्हणत तो न थांबता पुढे गेला आणि गावाला ओरडून सांगू लागला, "बटणं चालू करा! दिवे, टीव्ही, भाताचे कुकर, सगळं!"

"अहो, तिच्यासाठीच तर बंद केलं," माथियस म्हणाले.

"आणि मी कुणासाठी बोंबलतोय? चालू करा म्हणतो ना!"

तो पुन्हा खाली पळाला. हळूहळू पाणी सोडलं, स्विच टाकला, काटा पन्नासवर आणला आणि झडप धरून बसला. वर काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. सकाळी मेहुणा पाळीला आला, तेव्हा त्याला विचारायचंही तासिकला धाडस झालं नाही. तो सरळ घराकडे चालू लागला.

बायको उशीला टेकून बसली होती, नाकात नळी. मशीन चालू होतं.

"दारावरून गेलात," ती धापा टाकत म्हणाली. "पावलं ओळखली मी. आत नाही आलात."

"आत आलो असतो, तर परत खाली जायला पाय उचलले नसते गं."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तासिक तिच्या पायांशी बसून हमसून हमसून रडला.