पाहून गेलेले पाहुणे

अमडापूरला मी ज्याच्याकडे दाढी करतो, त्याचा हात माझ्या गालावर आणि डोळे टीव्हीवर असतात. सकाळी तिथे परग्रहवासीयांची मालिका लागते. त्यातले पाहुणे रोज गावात येतात, घरं पाहतात आणि न बोलता निघून जातात. कोडं पडलं की त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर थांबतो. "सर, हे काऊन आले असतीन?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माहीत नसलेली उत्तरं द्यायची मला सवय आहे. पाण्यासाठी आले असतील, असं ठोकून दिलं.

"नाही सर. पाणी पाह्यजे असतं तर विहिरीत पाह्यलं असतं. हे घरात पाहून राह्यले."

परवा मी विनोद केला, "अहो, पोरगी पसंत करायला आले असतील! आवडली की घेऊन जातील."

वस्तरा गळ्यावरच थांबला, पण या वेळी त्याचे डोळे टीव्हीवर नव्हते. मी आवंढासुद्धा गिळला नाही.

"आमच्या पोरीले पाहून गेले," तो हळूच म्हणाला. "चहा पेले, समदं घर पाह्यलं, बोलले काहीच नाही. काल निरोप आला, पसंत हाये म्हणून."

"मग चांगलंच झालं की!"

"हाव. नेतीन तर खरं. पण सर, ठेवतीन कसे तिले?"

त्याने टीव्ही बंद केला. नेहमीप्रमाणे उत्तर ठोकायला मी तोंड उघडलं, तर साबणाचा फेस आत गेला. फेस पुसायचंही त्याला सुचलं नाही. तो बंद टीव्हीकडेच पाहत उभा होता.