उचकी लागणारा कंडक्टर

कंडक्टर माझ्या डोक्यातून आला आणि त्याची उचकी माझ्या धाकट्या भावाच्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या गोष्टीत लोकांना जे आवडलं, ते बहुतेक उचकीमुळे आवडलं.

मी तेव्हा सातवीत होते आणि तो चौथीत. बिबवेवाडीत अब्बांचं बाइंडिंगचं छोटंसं दुकान होतं. शाळांची हजेरीपुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध असं काय काय तिथे शिवायला यायचं आणि कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या आम्हाला मिळायच्या. त्या लांबट पट्ट्यांवर आम्ही चित्रकथा काढायचो. शब्द मी लिहायचे, चित्रं तो काढायचा. घरात सगळे आमची ती पुण्याची हिंदी बोलत, पण शाळा मराठी होती. त्यामुळे आमचा कंडक्टर पहिल्या दिवसापासून मराठीच बोलला.

तो स्वारगेटहून सुटणाऱ्या शहर बसमधला साधा कंडक्टर होता. त्याने एक घंटा दिली की सगळं जग जागच्या जागी थांबायचं. दोन घंटा दिल्या की पुन्हा सुरू. थांबलेल्या जगात तो एकटाच धावपळ करून माणसं वाचवायचा, मात्र श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ.

"मग तो कधी हरणारच नाही," भाऊ म्हणाला. "त्याला उचकी लागू दे."

आठवण काढली की उचकी लागते, हे त्याने अम्मीकडून ऐकलं होतं. मग ठरलं. कंडक्टरची आई गावी असते, ती सारखी त्याची आठवण काढते, आणि नेमक्या मोक्याच्या वेळी त्याला उचकी लागून जग सुरू होतं. भावाने काढलेली ती चित्रं बघून अब्बा दुकानात गिऱ्हाईक उभं असताना हसत सुटायचे. उचकीसरशी कंडक्टरची टोपी उडून चोराच्या डोक्यावर बसायची, असलं काहीतरी.

मी आठवीत गेले त्या वर्षी स्वारगेटच्या चौकात रस्ता ओलांडताना अब्बांना ट्रकने उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

महिन्याभराने मी एक पट्टी लिहिली. त्यात कंडक्टर त्याच चौकात उभा असतो, समोरून ट्रक येत असतो, तो घंटा देतो, आणि त्याला उचकी लागते. बस, इतकंच. मला ते लिहून थोडं हलकं वाटलं होतं. भावाने पट्टी वाचली आणि चित्र न काढता परत दिली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना म्हणाला, "आपा, अब्बा गेले त्या दिवशी वर्गात मी कंडक्टरचं चित्र काढत होतो. म्हणजे त्याची आठवण मीच काढली."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्याला रस्त्यातच धरून हलवलं. "वेडा आहेस का? गोष्ट आहे ती. मी बनवली. खोटी आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, पण त्याच्या तोंडावरून दिसत होतं की त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर त्याने एक नियम केला. गोष्टीत कुणी मरायचं असेल तर मरू दे, पण त्याच पानावर कुणीतरी हसलं पाहिजे. पुढच्या पानावर नाही, त्याच पानावर. मी कुरकुर करायचे. मला वाटायचं की माणूस रडायला लागला की हा मध्ये येऊन गुदगुल्या करतो. तो म्हणायचा, "तू पाणी ओतत बसतेस. मी जरा मीठ टाकतो."

आम्ही मोठे झालो. मी शाळेत मराठी शिकवायला लागले. तो हिंजवडीला एका कंपनीत लागला, लग्न झालं, मुलगी झाली. कंडक्टर कुठे गेला ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. मग तीनेक वर्षांपूर्वी मुलांच्या एका मासिकाच्या संपादकबाई आमच्या शाळेत आल्या होत्या. मी बोलता बोलता त्यांना कंडक्टरविषयी सांगितलं. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आपल्याकडचा सुपरहिरो म्हटलं की एकतर तो भाषण देतो, नाहीतर इमारती पाडतो. हा निदान उचकी तरी देतोय. बारा भाग करा."

भावाला फोन केला तर तो कंपनीच्या बसमध्ये होता. इतका ओरडला की शेजारच्यांनी त्याला गप्प केल्याचं मला ऐकू आलं. तेव्हापासून रविवारी दुपारी मी त्याच्या घरी जायचे. तो टॅबलेटवर चित्रं काढायचा, मी समोर कागद घेऊन बसायचे आणि आमची भांडणं लहानपणाइतकीच जोरात व्हायची. नऊ भाग झाले. मुलांची पत्रं येऊ लागली. एका मुलीने लिहिलं होतं की तिला शाळेत उचकी लागली तेव्हा तिने बाईंना सांगितलं, माझं माणसं वाचवायचं काम चालू आहे.

शेवट मी ठरवला होता. बाराव्या भागात कंडक्टरची आई जाते. त्यानंतर त्याला उचकी लागत नाही. आता त्याची शक्ती पुरी होते. तो हवं तेव्हा जग थांबवू शकतो, त्याला कुणी हरवू शकत नाही, कारण त्याची आठवण काढणारं कुणी उरलेलं नसतं.

मी हे सांगितलं तेव्हा भाऊ टॅबलेट बाजूला ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "चांगलं आहे. फार वाईट आहे, म्हणजे चांगलं आहे. पण त्या पानावर हसू पाहिजे."

"इथे? इथे कसलं हसू?"

"आहे माझ्याकडे. एकच वाक्य आहे. ऐकलंस तर तू हसशील आणि मग जास्त रडशील."

"सांग मग."

"आत्ता सांगितलं तर तू त्याच्यात सुधारणा करशील. शेवटचं पान काढताना सांगतो."

हे रविवारी झालं. मंगळवारी सकाळी हिंजवडीच्या वाहतुकीत कंपनीची बस अडकून उभी होती आणि खिडकीशी बसलेला माझा भाऊ मान टाकून झोपला आहे, असं सगळ्यांना वाटलं. रोजच पाच-सहा जण तसे झोपलेले असत. उतरायच्या वेळी शेजारच्याने हाक मारली, तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला होता, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा थांबला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. वय एक्केचाळीस.

पहिले काही आठवडे तो जगतो का नाही, इतकाच प्रश्न होता. तो जगला. मग घरी आणल्यावर बाकीचे प्रश्न सुरू झाले. बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "घरी कोणती लँग्वेज बोलतात सर?" अम्मीशी हिंदी, माझ्याशी कंडक्टरमुळे मराठी, ऑफिसात इंग्रजी. ती म्हणाली, "आधी कोणती परत येईल ते सांगता येत नाही. त्यांना पाठ असलेलं काहीतरी वाचून दाखवत जा. पण फोर्स नका करू."

त्याला पाठ असलेलं म्हणजे कंडक्टर. मी सगळे भाग घेऊन गेले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. टोपी उडून चोराच्या डोक्यावर बसते त्या जागी आले, तर भाऊ रडायला लागला. हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. भावजय धावत आली. मी पान उलटलं आणि घाईने पुढचं वाचलं. ते नेमकं कंडक्टरला गावाहून आलेल्या आईच्या पत्राचं पान होतं, त्याच्या नियमाप्रमाणे विनोद घालूनही सगळ्यात दुःखी झालेलं. ते ऐकून तो हसला. मोठमोठ्याने, थांबता येत नसल्यासारखा, आणि डोळे मात्र घाबरलेले.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आपण मनाला लावून घेऊ नका. हसण्या-रडण्याचा ब्रेक गेला आहे त्यांचा. हसले म्हणजे आनंद झाला असं नाही, रडले म्हणजे दुःख झालं असंही नाही."

"मग त्याला काय वाटतंय ते कसं ओळखायचं?"

"हळूहळू कळेल," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आयुष्यभर या माणसाने मला सांगितलं होतं की हसू आणि रडू एका पानावर कसं बसवायचं. आता मी त्याच्यासमोर पानं धरून बसत होते आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

तिकडे संपादकबाई दोन महिने थांबल्या. मग फोन आला. "मला बोलायला बरं वाटत नाही, पण मुलं विचारतायत. चित्रं दुसऱ्याकडून करून घेऊ. शब्द तुमचेच आहेत." दहावा आणि अकरावा भाग मी कसेबसे लिहिले. बाईंनी एका ठिकाणी खूण करून पाठवली. शेजारी लिहिलं होतं, "हा विनोद आहे का? मी तीनदा वाचला."

बाराव्याचं शेवटचं पान राहिलं. ते एक वाक्य त्याच्या डोक्यात होतं. कदाचित अजूनही होतं, कदाचित रक्त थांबलं तेव्हा तेही गेलं असेल. मी त्याचा टॅबलेट उघडून शोधलं, वह्या चाळल्या, त्याच्या फोनमधले निरोप वाचले. भावजयला विचारलं. ती म्हणाली, "आपा, मला फक्त एवढंच म्हणाले होते की आपाला फसवणार आहे."

एका रविवारी मी त्याच्यासमोर बसून म्हणाले, "शेवटच्या पानाचं वाक्य. तू सांगणार होतास. आठवतंय?"

त्याने मान हलवली, म्हणजे हो. मी अंदाजाने एक वाक्य म्हटलं. हे? हो. दुसरं म्हटलं. हे? हो. मग मी मुद्दाम विचारलं, "आज सोमवार आहे का?" त्यालाही हो. मी हसले, कारण दुसरं काय करणार. तोही हसला, आणि मग हसणं थांबेना. भावजयने त्याला पाणी पाजलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज पुरे करू या ना आपा."

तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून मी खूप वेळ भांडी पुसत राहिले. पुसलेलीच भांडी पुन्हा पुसली.

शेवटी मी ते पान विनोदाशिवाय दिलं. माझा विनोद घालून त्याच्या नियमाची थट्टा करण्यापेक्षा रिकामं बरं, असं मला वाटलं. ते बरोबर होतं का, मला आजही माहीत नाही. बाईंनी जसंच्या तसं छापलं. पत्रं आली. बरीच मुलं रडल्याचं कळवत होती. एका मुलाने लिहिलं होतं की शेवट आवडला नाही, कंडक्टरच्या घरी कुणीतरी यायला पाहिजे होतं.

अंक घेऊन मी भावाकडे गेले. त्याने तो डाव्या हाताने मांडीवर ठेवला आणि एकेक पान उलटत गेला. दुसऱ्याने काढलेली चित्रं होती. कंडक्टरची टोपी जरा मोठी झाली होती. शेवटच्या पानाशी तो थांबला. ना हसला ना रडला. खूप वेळ बघत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "नाही."

तेव्हा त्याला सात-आठ शब्द येत होते, त्यातला हा सगळ्यात स्पष्ट.

"काय नाही? शेवट नाही आवडला? चित्र नाही? का वाक्य नाही त्यात?"

"नाही," तो म्हणाला. पुन्हा बोट ठेवलं. ओठ हलवले, कपाळावरची शीर फुगली, घशातून काहीतरी वर यायला निघालं आणि तिथेच अडकलं. त्याने मूठ पलंगावर आपटली. एकदा, दोनदा. मी त्याची मूठ धरून ठेवली. "असू दे. मला कळलं," मी म्हणाले.

मला काही कळलं नव्हतं. आणि ते त्याला कळलं, कारण त्याने हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. अंक खाली पडला. तो उचलून मी कपाटावर ठेवला.

याला आता वर्ष होत आलं. त्याला काठी घेऊन खोलीभर चालता येतं. तीसेक शब्द येतात, त्यात मराठी जास्त. थेरपीची मुलगी खूष आहे. मी रविवारी जातेच, पण कागद नेत नाही. आम्ही टीव्हीवर क्रिकेट बघतो. मधेच तो माझ्याकडे वळून "चहा" म्हणतो. कधी त्याला चहाच हवा असतो, कधी पाणी, आणि चुकलं की तो फार चिडतो. मी एका हातात कप आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन जाते आणि त्याच्यासमोर उभी राहते.