भिकुबाईचा तांब्याचा ताईत

भूमिका पोरी, लिही. मी बोलते तसंच लिही, पुस्तकासारखं करू नको.

आपल्या गल्लीच्या टोकाला दादर ज्वारीच्या कडब्याची गंजी आहे ना, तिथली ही भिकुबाई. तुम्ही पोरं तिला भ्यायचे. तिचं बोलनंच तसं. कोनी विचारलं, "कशी आहेस व?" तर म्हनायची, "जळनू नही अजून." पन ज्वारी-उडदाच्या कळन्याची भाकर खावी तर तिच्याच हातची.

तिची पहिली दोन पोरं डब्यानं गेली. छाती भरते, पोर धापा टाकतं, बरगड्या आत ओढल्या जातात, त्याला आमच्याकडं डबा म्हनतात. दुसरा गेला तवा मी जवळच बसले व्हते. मग जितेंद्र झाला. साक्रीकडच्या एका भगतानं तिला तांब्याचा ताईत दिला, चांगला आगपेटीएवढा. म्हने, पोराला खोकला आहे तोवर गळ्यातून काढू नको. जितेंद्रलाबी डबा झाला, आन तो वाचला. आता तिला कोन काय सांगनार? पुरावाच अंगनात खेळत व्हता.

गेल्या कापूस वेचनीत जितेंद्रच्या पोराला, पियुषला खोकला झाला, ताप भरला. दोन वर्षांचं लेकरू. भिकुबाईनं पेटीतून तोच ताईत काढून त्याच्या गळ्यात बांधला. ताप हटेना. मी बघायला गेले तर पोर गप. मला तेच बरं वाटलं नाई. तापातलं पोर रडतं तोवर ठीक असतं.

जितेंद्र कापसाच्या जिनवर कामाला गेलेला. त्याची बायको दिपमाला, भिकुबाई आन मी, रिक्षात बसून अमळनेरला गेलो. डॉक्टरीन तरनी व्हती. तिनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली. आमच्याकडं बघेचना.

"आजी, एका बाजूला हवाच जात नाहीये. न्यूमोनिया आहे. पण आत पू साचलाय का, ते छातीचा फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. पू असेल तर नुसत्या औषधानं भागणार नाही."

फोटोवाल्यानं सांगितलं, गळ्यातलं सगळं काढा. भिकुबाई पोराला घेऊन आत गेली. मी आन दिपमाला बाहेर बाकावर. थोड्या वेळानं तो मानूस तनतनत बाहेर आला.

"अहो, ताईत पाठीवर सरकवला म्हणजे मशीनला दिसत नाही का? त्याला पाठ आन पोट सारखंच!"

रांगेतली एक बाई हसली. मला नाई हसू आलं. आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर लेकराच्या बरगड्या माशाच्या काट्यासारख्या दिसत व्हत्या, आन त्यांच्यावर तो पांढराफटक चौकोन. खिडकीला फळी ठोकावी तसा. डॉक्टरीन म्हनली, "नेमकी बघायची जागा झाकली गेलीय. ताईत काढा, परत फोटो घेऊ."

भिकुबाईनं पोर उचललं आन सरळ दवाखान्याबाहेर. फाटकाजवळ कडुनिंबाखाली बसली. आम्ही मागं पळालो.

"आत्याबाई, पाया पडते, काढा ना तो," दिपमाला सासूला म्हनली.

"काढाव नही. तुले पोर एकच दिखस. मी दोन पोरं गाडेल शेतस."

दिपमालानं जितेंद्रला फोन लावला. तो पलीकडून म्हने, "माय म्हनस तसं कर. मी जित्ता शे ना त्या ताईतमुळेच?"

"तुम्ही जित्ता शेतस! आन तुमनं पोर मरी ऱ्हायनं आठे!" ती अशी वरडली की चहाच्या टपरीवरची मानसं उठून उभी राहिली.

पियुषच्या नाकपुड्या फुगत व्हत्या. ओठ जांभळे पडायला लागले. आन त्याचा खोकला थांबला. पार थांबला. भिकुबाईचा चेहरा उजळला व माय. म्हने, "दखा! खोकला गया. गुन पडना."

मी म्हटलं, "भिकू, तुझ्या दुसऱ्याचाबी असाच थांबला व्हता. दुपारी. तू मला म्हनलीस, अक्का, निजला बघ."

मला वाटलं, आता ही मला मारते. तिनं खाली वाकून पोराच्या छातीकडं पाहिलं, आन गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसलेली, सुटेना. शेवटी दोरा दातांत धरून तोडला आन पोराला घेऊन धावत सुटली. म्हातारी बाई, पन आमच्या हाती लागली नाई.

दुसऱ्या फोटोत, चौकोन व्हता तिथंच, आन तिथून खालपर्यंत, सगळं पांढरं. डॉक्टरीन एवढंच बोलली, "पू आहे. धुळ्याला हलवा." गाडीत पोराच्या नाकाला हवा लावलेली. धुळ्याला त्याच्या बरगडीतून नळी घातली, पेलाभर पू निघाला. पोर वाचलं. तिथला मोठा डॉक्टर म्हने, "अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं."

आता पियुष गल्लीभर पळतो, कोंबड्यांच्या मागं दगड घेऊन. वाईट अवस्था झाली ती भिकुबाईची. टोमने नाई, भांडन नाई. पोर निजलं की त्याचा सदरा वर करते आन नळीच्या जखमेच्या वनाला कान लावून बसते. दिपमाला चिडते, "आत्याबाई, झोपू द्या ना त्याला!" ती ऐकतच नाई. मधीच चिमटा काढून उठवते त्याला. पोर किंचाळलं की मग तिचा जीव खाली पडतो.

काल दुपारी मी तिच्याकडं गेले. पोर खाटेवर निजलेलं. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"अक्का, आयक ना. दोन्ही बाजूनं श्वास येस का?"

मी वाकले, एका बाजूला कान लावला, मग दुसऱ्या. म्हटलं, "येतो व. दोन्हीकडून येतो. चांगला येतो."

तिनं माझा हात काही सोडला नाई.

"तो मघाचा व्हता," ती म्हनली. "आते परत आयक."