मामांचं बोट आणि मामीचा फोन

आधीच सांगते, मी उमरग्याला शाळेत विज्ञान शिकवते. करणी, बाहेरचं, अंगात येणं... वर्गात कुणी असलं काही काढलं की मी म्हणते, "पुरावा आण, मग बोलू." त्यामुळं हे लिहायला बसताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण या घटनेचा पुरावा माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे. अडचण नेमकी तीच आहे.

माझे बिरुमामा जळकोटला राहतात. आईचे धाकटे भाऊ. साठेक मेंढरं आहेत, हायवेपासून आत दीड-एक किलोमीटरवर माळाला लागून घर आहे. घरात मामा आणि मामी दोघंच. लेक लग्न होऊन कर्नाटकात गेली.

दोन वर्षांपूर्वी कडबा कापायच्या मशीनमध्ये मामांचा उजवा हात गेला. चार बोटं वाचली, अंगठा मुळापासून गेला. उमरग्याला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगठ्याचा पार चेंदामेंदा झालाय, परत जोडता येणार नाही.

अंगठा नसला की काय काय अडतं, हे मला मामांकडं बघून कळलं. सदऱ्याची बटणं लागत नाहीत. शेळी पिळता येत नाही. लोकर कातरायची कातर तर हातात उभीच राहत नाही, आणि मामांसारखी कातरणी आमच्या भागात कुणाची नव्हती. भाकरीसुद्धा मोडता येईना. मामी काय करायची, ताटात भाकरी वाढतानाच तिचे चार तुकडे करायची आणि म्हणायची, "आज भाकरी नीट झालीच न्हाय बघा, तव्यावरच मोडली." रोजच मोडायची. मामा गुमान खायचे.

सोलापुरात पायाचं बोट काढून हाताला लावणारे डॉक्टर आहेत असं कळल्यावर मीच मागं लागले. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. दिवसभर चालणारा माणूस, म्हणून पायाचा अंगठा घ्यायचा नाही, त्याच्या शेजारचं बोट घ्यायचं. हाड, शिरा, नसा सगळं सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे हितलं काढून तितं लावायचं. आन ते बोट तितं नांदलं न्हाय तर? हातबी गेला, पायबी गेला."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ती शक्यता आहे, मामा. थोडी आहे, पण आहे."

मामांनी मामीकडं बघितलं. मामी म्हणाली, "करून टाका. न्हाय नांदलं तर म्या हायच की."

अ‍ॅडमिट करताना सही हवी होती. मामांना लिहिता येत नाही. क्लार्क सवयीनं म्हणाला, "इथं अंगठा द्या." मामा म्हणाले, "त्याच्यापायीच तर आलोय, सायेब." सगळा काउंटर हसला, मग डाव्या हाताचा ठसा घेतला.

ऑपरेशन नऊ तास चाललं. मामी बाहेर बसून होती. मामा शुद्धीवर आले, बोलले, तेवढं बघून तिला संध्याकाळच्या एसटीनं परत जावं लागलं. मेंढरं शेजाऱ्यावर सोडली होती आणि एका कोकराची आई मेली होती, त्याला बाटलीनं दूध पाजावं लागायचं. मामांचा हात सगळा बँडेजमध्ये होता. नवं बोट मामीनं पाहिलंही नव्हतं, हात लावणं तर दूरच. हे लक्षात ठेवा.

मी रजा टाकून मामांजवळ राहिले. दुसऱ्या दिवशी बँडेजमधून बोटाचं टोक मोकळं ठेवलं. गुलाबी, गुबगुबीत, वर बारकं आडवं नख. खोलीत एसी बंद, हाताला ऊब मिळावी म्हणून वर दिवा. तंबाखू बंद, चहासुद्धा बंद. मामा म्हणाले, "ह्या बोटाचे लाड माझ्या लेकीचेबी झाले न्हाइत." दर तासाला सिस्टर येऊन नख दाबायच्या, रंग परत येतो का बघायच्या, बोट गरम आहे का बघायच्या. पहिले काही दिवस रक्ताची गुठळी होऊन बोट दगावू शकतं म्हणे. सवयीनं मीही वहीत वेळ, रंग, ऊब असं टिपून ठेवायला लागले.

तिसरा दिवस. दुपारी बाराचं चेकिंग झालं. वहीत लिहिलं, "१२.०० — गुलाबी, गरम." मामांना डोळा लागला.

बारा पंचवीसला माझा फोन वाजला. जळकोटच्या हायवेवरच्या चहाच्या हॉटेलचा नंबर. मामीकडं फोन नाही. रोज संध्याकाळी मीच त्या हॉटेलवर फोन करायचे, ती तिथं यायची. तिनं आपणहून कधीच केला नव्हता.

"आगं पोरी, तुझ्या मामाचं बोट गार पडलंय." तिला धाप लागली होती.

"मामी, आत्ताच बघितलंय. छान गरम आहे."

"गार पडलंय म्हनते ना! बघ आदी. फोन ठिवू नगंस."

खरं सांगते, मी चिडले. पण तिचा आवाज असा होता की नाही म्हणता येईना. सिस्टरना बोलावलं. त्यांनी नख दाबलं, सोडलं, रंग आला. "एकदम ओके आहे ताई. पाच मिनिटं बसूही देणार नाही का तुम्ही आम्हाला?"

"मामी, सिस्टरनीही बघितलं. गरम आहे."

तरी तिला पटेना. म्हणाली, "त्येस्नी म्हनावं, हलू नगा तितनं. माझ्यासाटी."

मी ते तसंच सांगितलं. सिस्टर वयानं मोठ्या होत्या, त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. "बरं, बसते," म्हणाल्या आणि स्टूल ओढलं. मामा जागे झाले होते. सिस्टर त्यांना विचारत होत्या की मेंढरं किती आहेत, कोकरं किती झाली... आणि बोलता बोलता थांबल्या.

बोट पांढरं पडत होतं. आमच्या डोळ्यांसमोर. टोकाकडनं खाली, मेणासारखं. नख दाबलं, रंग आलाच नाही. सिस्टर पळतच बाहेर गेल्या.

वीस मिनिटांत मामा परत ऑपरेशन थिएटरमध्ये होते. गुठळी निघाली, रक्त परत सुरू झालं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामानं भिजले होते. म्हणाले, "फार लवकर कळलं म्हणून. पुढच्या चेकिंगपर्यंत थांबलो असतो तर... नशीब, सिस्टर तिथंच होत्या."

मी त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "माणूस काळजीत असला की असं होतं कधी कधी. योगायोग म्हणा."

मीही तेच म्हणत होते. पण रात्री... नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली आणि हिशोब जुळेना. हॉटेलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी पळतच आल्या, अनवाणी. हातात दुधाची बाटली तशीच." घरापासून हॉटेल दीड किलोमीटर. पन्नाशीच्या बाईला पळत यायला पंधरा मिनिटं तरी हवीतच. म्हणजे मामीला गार लागलं ते बाराच्या सुमारास, फार तर सव्वाबाराच्या आत. आणि तेव्हा बोट गरम होतं. माझ्या वहीत आहे, सिस्टरच्या चार्टवर आहे. ते गार पडलं त्यानंतर वीसेक मिनिटांनी.

म्हणजे इथं घडलं ते तिला तिथं कळलं, असंही नाही. घडायच्या आधीच कळलं.

मामांना घरी सोडलं त्या दिवशी मी मामीला विचारलंच, नेमकं काय झालं होतं? ती चुलीपुढं होती. सहज म्हणाली, "कोकराला दूध पाजीत व्हते. कुणीतरी हात धरला माझा. वळून बघते तर कुणी न्हाय. पर हात ह्येंचाच व्हता. आन त्यात ते बोट व्हतं, बर्फावानी."

"पण मामी, हाताचं नवं बोट तू कुठं पाहिलं होतंस?"

"नवं कशाचं गं?" ती हसली. "तीस वरसं त्या पायातलं काटं काडतेय. वळखायची न्हाय व्हय म्या?"

आता मामा परत कातर धरतात. पहिलं मेंढरू असं ओबडधोबड कातरलं की मामी पदर तोंडाला लावून हसत होती. पण आता हात बसलाय. कधी गर्दीत, बाजारात, मामी त्यांचा उजवा हात धरते आणि अंगठ्यावरनं नुसता हात फिरवत चालते. दोघांनाही ते लक्षात येत नसावं.

फायलीची कॉपी माझ्याकडं आहे. त्या दिवसाच्या पानावर डॉक्टरांनी एक ओळ लिहिलीय — "बदल नातेवाईकांच्या लवकर लक्षात आला." मी ती ओळ कितीतरी वेळा वाचलीय. शब्द न् शब्द खरा आहे. फक्त कुठल्या नातेवाईकाच्या, कुठून, आणि कसा... ते मला आजही सांगता येत नाही.