युसूफभाईंची स्वतःची सुट्टी

युसूफभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने रत्नागिरीहून केला, तेव्हा मी बहारीनला, गुदैबिया भागातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात चहा घेत होतो. खरं सांगतो, आधी मी त्यांच्यावर चिडलो. निवृत्त होऊन घरी गेलेल्या माणसाला एवढी कसली घाई होती...

बहारीनमध्ये आम्ही एकाच कंपनीत. मी हिशेबात, ते गोदामात. त्यांची बायको, सकिनाभाभी, गावी. दर सुट्टीला युसूफभाई घरी जायचे आणि सुट्टी कुणाचं लग्न, घराची कौलं, येणारेजाणारे यांत खलास. दिवसाउजेडी नवराबायको दोघंच बसलेत, असं त्या भरल्या घरात कधी घडलंच नाही. नोकरीतल्या शेवटच्या सुट्टीला मात्र त्यांनी भाभींना बहारीनला बोलावलं आणि युरोपातल्या डॅन्यूब नदीवरची क्रूझ ठरवली. भाभी संकोचत होत्या, म्हणून मला आणि माझ्या बायकोलाही ओढलं. युसूफभाईंचा भाऊ फोनवर तडकला, "नदीच बघायची तर गावात नाय काय?" युसूफभाई शांतपणे म्हणाले, "तिथल्या नदीवर तुम्ही सगले असता."

बोटीवर बॅग उघडली तर आत गावी न्यायचे तसेच साबण, बाम, खजुराचे डबे! रिकाम्या हाताने कुठे जाणं त्यांना माहीतच नव्हतं. सगळं बोटीवरच्या कामगारांना वाटून टाकलं. बुडापेस्टचे पूल, व्हिएन्नाचे राजवाडे पाहतानाही भाभी माझ्या बायकोबरोबर आणि हे माझ्याबरोबर. शेवटी मी म्हटलं, "एवढ्या लांब माझ्याशेजारी बसायला आलात का?"

मग द्राक्षांचे मळे लागले. सगळी बोट वाईन चाखायला उतरली. हे दोघं घेत नसत, म्हणून मागे राहिले. आम्ही परतलो तेव्हा धक्क्यावरून दिसलं... वर डेकवर दोघंच. भाभी हातवारे करून बोलताहेत, युसूफभाई ऐकताहेत. बायकोने माझी बाही ओढली. आम्ही पुन्हा गावात गेलो आणि मी आणखी एक ग्लास घेतला. वाईन चांगली होती, हेही खरंच.

परवा भाभींची चौकशी करायला फोन केला. सुनेने उचलला. मागे माणसांचा गलका होता.

"अम्मी दार लावून बसल्यात," ती म्हणाली. "दुपारी तासभर कुणी हाक मारायची नाय, सांगून ठेवलंय. अब्बांशी बोलतात."

मी म्हटलं, "नको हाक मारूस. बोलू दे."