देवराईच्या ओढ्याचा फोटो

सुप्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाने जंगलातल्या ओढ्यांचे फोटो काढत का हिंडावं, याचं उत्तर मला तेव्हाही देता येत नव्हतं आणि आजही येत नाही. आमच्याकडे नजर जाईल तिकडे माळ, त्यामुळेही असेल. नव्वदच्या दशकात मी एक जुना कॅमेरा घेतला आणि दसरा झाला की एसटीने अकोले तालुक्यातल्या डोंगरांत जायला लागलो. आश्विनात तिकडचे ओढे निवळतात आणि तळाचे दगड दिसायला लागतात.

त्या वर्षी नगरला फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. आपला एक तरी फोटो तिथल्या भिंतीवर लागावा, या एका गोष्टीने मला पछाडलं होतं.

एका वाडीच्या वर देवराई होती, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर नेत नाही. देवाची दिवाबत्ती करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला चपला काढायला लावून आत नेलं. शेवाळलेल्या दगडांमधून ओढा वाहत होता. भर सकाळी आत इतका अंधार, की शटर दोन-दोन सेकंद उघडं ठेवावं लागलं. कॅमेरा स्टँडवर लावला, श्वास रोखून धरला आणि उरलेला सगळा कृष्णधवल रोल तिथेच संपवला.

बाहेर पडताना बाईंनी मला हद्दीवर थांबवलं. माझ्या शर्टाला चिकटलेलं जांभळाचं पान काढून त्यांनी परत आत टाकलं. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यात काय नेतोस?"

"नुसता फोटो, मावशी."

"म्हंजी आतलंच की."

मी गडबडलो. फक्त उजेड नेतोय म्हणावं, तर उजेडही तिथलाच. काहीच नेत नाही म्हणावं, तर मग एवढी पायपीट कशासाठी केली?

"आनून देशील?" त्यांनी विचारलं. सुटका व्हावी म्हणून मी हो म्हणून बसलो, आणि तेही देवाच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे बघून.

रोल धुऊन आला. त्यातला एक फोटो पाहून मी स्टुडिओच्या पायरीवरच बसलो. असा फोटो मी आधी कधी काढला नव्हता, पुढेही काढला नाही. दगड काळेभोर, आणि त्यांच्यामधून पाणी धुक्यासारखं पांढरं, तलम. त्याची मोठी प्रत काढून घेतली. आता शब्द पाळायचा, तर निगेटिव्हही द्यायला हवी होती. पण दिली तर प्रदर्शनाला काय पाठवणार? चार दिवस मी स्वतःशीच हुज्जत घातली. शेवटी निगेटिव्ह घरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि प्रत घेऊन निघालो. आपण प्रामाणिक आहोत की लबाड, हे एसटीत बसूनही ठरेना.

देवापाशी उभं राहून बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला.

"हे पानी कुनाचं?"

"इथलंच, मावशी."

"आमचं पानी असं न्हाई. हे धुकं हाय."

मी शटर समजावून सांगितलं. दोन सेकंदांत जेवढं पाणी गेलं, तेवढं सगळं एकावर एक बसलंय, म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग असं पानी कुनी कवा बघितलंय?"

कुणीच नाही. मी स्वतःसुद्धा ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझा अपमान झाला होता आणि त्याच वेळी मनातून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. पाणी त्यांचं नाही, म्हणजे फोटो माझाच!

तेवढ्यात त्यांचं बोट फोटोतल्या दगडांवर आलं. "दगड मातर आमचेच हायेत. पानी तुजं, तू ने. दगड तेवढे ठेवून जा."

थट्टा करतायत का, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हसू नव्हतं. त्या दिव्यात तेल घालायला वळल्या आणि मी फोटो हातात घेऊन खुळ्यासारखा उभा राहिलो. शेवटी अख्खा फोटोच देवापुढे ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला.

हद्दीवर त्यांनी मला पाठमोरं फिरवलं आणि शर्टाला पान चिकटलंय का ते बघितलं. खांदे झटकले.

"आता काय न्हाई नेत तू," त्या म्हणाल्या. "जा बिनघोर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्याचं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चपला पायांत सरकवल्या आणि उतरणीला लागलो.

नगरच्या प्रदर्शनाला मी फोटो पाठवला नाही. दुसरी प्रत काढायला एक दिवस पुरला असता, पण तीही आजवर काढलेली नाही. परत जाऊन निगेटिव्ह देऊन यायचं धैर्यही झालं नाही. डबा घरातच आहे. कधी कधी ती निगेटिव्ह मी खिडकीच्या उजेडात धरतो. त्यात पाणी काळं दिसतं आणि दगड पांढरे.