आधी पाहुण्याचं पान

आमच्या येलहंक्याच्या इमारतीत दुपारी हयवदन अण्णा लिफ्टपाशी उभे असतात. नवी माणसं बिचकतात, कारण ते कुणालाही म्हणतात, "जेवून जावा की. सार-भातच आहे." एकदा कुरियरवाल्यालाही बसवलं होतं.

अण्णांचं इथल्याच शिवाजीनगरला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची बायको अहल्याअक्का दुकानातल्या कामगारांना घरी जेवू घालून मगच स्वतः जेवायच्या. आता अक्कांना काही आठवत नाही. अण्णांनाच विचारतात, "तुम्ही कोण?" पण पाहुणा जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, एवढं मात्र पक्कं राहिलंय. अण्णांनी आधी जेवून चालत नाही. ओळखत नसल्या तरी ते घरचेच!

माझे यजमान उल्हास गेल्यावर मी नागपूरहून मुलाकडे राहायला आले. तो दिवसभर हेब्बाळला कामावर. मी ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास ढकलायचे. अण्णांनी मलाही लिफ्टपाशीच गाठलं आणि मी त्यांची नेहमीची पाहुणी झाले. अक्का हाताला धरून बसवतात. "सावकाश जेव गं. गाडी चुकतेय का तुझी?"

परवा एकादशी होती. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं, तर अण्णा उभे. बेल वाजवलीच नव्हती.

"काय झालं, अण्णा?"

"काही नाही. वॉचमन गावाला गेलाय, लिफ्टपाशी कुणी फिरकत नाही. हिला सकाळी शुगरची गोळी दिली, पण पोटात काही नाही. हात थरथरतायत. साखरपाणी दिलं तर तोंड मिटून बसते."

"मग हाक मारायची ना!"

"माझा उपास, तुमचाही. कसं सांगू हो?"

उल्हास दवाखान्यात होते तेव्हाही माझी एकादशी मोडली नव्हती. पायात चपला न घालताच मी त्यांच्यामागून गेले. पान मांडलेलंच होतं. मनात म्हटलं, 'पांडुरंगा, घास तुझा. मी नुसतं तोंड हलवते.'

अक्का एकटक बघत होत्या. "मीठ बरोबर आहे?"

"छान झालंय, अक्का."

"मग आणखी स्वल्प घे. लाजतेस काय?"

मी भात पुन्हा मागून घेतला. तेव्हा कुठे अक्कांनी आपलं ताट पुढे ओढलं. पहिला घास तोंडात गेला आणि अण्णा स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"देव रागावेल का हो, सुचेताबाई?"

"त्यालाच जेवू घातलंय. रागवायला तोंड मोकळं कुठाय?"

अण्णा हसले. अक्काही हसल्या, का ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी देवापुढे बसले ती माफी मागायला. पण मनात येत राहिलं की या शहरात मला आग्रह करून वाढणारं कुणीतरी त्यानेच ठेवलंय. मग नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बेल वाजली. चांगली दोनदा.

"चला, पारणं आमच्याकडे," अण्णा म्हणाले. "ती पान मांडून बसलीय."